कोठा ‘साफ’ करणारी चूर्णे : निर्धोकता कशी पारखावी?

चेन्नई : तमिळनाडूच्या दक्षिण टोकाकडील तिरुनेल्वेली आणि तूत्तुकुडी जिल्ह्यांच्या कोरडवाहू शेतांत पिकणारे एक पान जगभरच्या औषधकोशांत ‘तिन्नेवेली सेन्ना’ या नावाने नोंदलेले आहे. मराठीत ती सोनामुखी, तमिळमध्ये निलावरै. ‘आतडी स्वच्छ करणारे’, ‘साचलेली विषद्रव्ये बाहेर टाकणारे’, ‘सात दिवसांत पोट हलके करणारे’ अशा शब्दांत विकल्या जाणाऱ्या वनौषधी चूर्णांत, गोळ्यांत आणि चहाच्या पुड्यांत प्रत्यक्ष काम करणारा घटक पुष्कळदा हेच पान असते. वेष्टनावर मात्र ते क्वचितच ठळक अक्षरांत दिसते. ठळक असतो तो ‘नैसर्गिक’ हा शब्द. आणि ग्राहकाचा निर्णय बहुधा त्या एका शब्दावर होतो.

सोनामुखी हे औषध आहे, आणि चांगले औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत रेचक म्हणून तिचे नाव आहे. पण जे औषध म्हणून परिणाम करते त्याला मात्रा असते, मुदत असते आणि ज्यांना ते देऊ नये अशा माणसांची यादीही असते. ‘शुद्धी’साठी विकल्या जाणाऱ्या पुडीतून नेमक्या याच तीन गोष्टी गळून पडलेल्या असतात. अशा उत्पादनाची पारख करताना ‘हे वनस्पतीपासून केले आहे का’ या प्रश्नाचा फारसा उपयोग होत नाही. त्यात काय आहे, किती आहे, किती दिवस घ्यायचे आहे आणि ते कोणत्या कायद्याखाली विकले जात आहे, हे पाहावे लागते.

ही पारख समजून घेण्यासाठी चेन्नईकडे पाहणे सोयीचे ठरते. शहराच्या अरुंबाक्कम भागात केंद्रीय सिद्ध संशोधन परिषदेचे मुख्यालय आहे, तर तांबरम येथे २००५ साली सुरू झालेली राष्ट्रीय सिद्ध संस्था आणि तिचे रुग्णालय आहे. त्याच शहरात मैलापूरपासून जुन्या जॉर्ज टाउनपर्यंत ‘नाट्टु मरुंदु कडै’ म्हणजे देशी औषधांची दुकाने आहेत. मराठी माणूस ज्याला काष्ठौषधींचे दुकान म्हणतो, तेच हे. तेथे हिरडा, बेहडा, आवळकाठी, सोनामुखी, ज्येष्ठमध या वस्तू सुट्या मिळतात. आणि आता या दोहोंच्या पलीकडे मोबाइलवरून मागवता येणारी, देखण्या डब्यातली तिसरी बाजारपेठ उभी राहिली आहे. वस्तू बऱ्याचदा एकच असते; तिच्याभोवतीची शिस्त तिन्ही ठिकाणी निराळी असते.

आधी ‘साचलेली विषद्रव्ये’ या कल्पनेविषयी. न हललेल्या मळातून विष रक्तात भिनते आणि त्यातून असंख्य व्याधी जडतात, हे मत विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात फार जोरात होते. लंडनचे नामवंत शल्यचिकित्सक सर विल्यम आर्बथनॉट लेन यांनी तर बद्धकोष्ठाच्या रुग्णांचे मोठे आतडेच काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. १९१९ साली अमेरिकी वैद्य वॉल्टर आल्वारेझ यांनी या मताला साधे उत्तर दिले. निरोगी माणसांच्या गुदाशयात नुसता कापसाचा बोळा ठेवला तरी तीच डोकेदुखी, तीच मरगळ जाणवते, आणि बोळा काढताच ती जाते. विष रक्तात मिसळले असते तर आराम इतक्या लवकर पडला नसता. हा त्रास विषाचा नव्हे, गुदाशयावर पडणाऱ्या ताणाचा होता. वैद्यकाने हे मत तेव्हाच मागे टाकले. बाजाराने ते जपून ठेवले.

आतड्याच्या भिंतीला वर्षानुवर्षे चिकटून बसलेला थर निघतो, हा दावाही याच कुळातला. मोठ्या आतड्याचे अस्तर काही दिवसांत आपोआप नवे होत असते. दुर्बिणीतून आतडे तपासणाऱ्या वैद्यांना असा थर आढळत नाही. जाहिरातींतील छायाचित्रांत दिसणारे रबरासारखे लांबट तुकडे हे प्रायः त्याच उत्पादनातील इसबगोल आणि चिकणमाती पाण्याने फुगून तयार झालेले असतात. म्हणजे जे काढल्याचे श्रेय चूर्ण घेते, ते चूर्णानेच आत नेलेले असते.

वजनाचे म्हणाल तर अन्नातील पोषणाचा बहुतांश भाग लहान आतड्यातच शोषला जातो आणि रेचकाचे मुख्य काम त्याच्या पुढे, मोठ्या आतड्यात चालते. १९८३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रेचकांमुळे ४ ते ६ लिटर जुलाब होऊनही उष्मांकांचे शोषण केवळ १२ टक्क्यांच्या आसपासच घटल्याचे दिसले. काट्यावर कमी दिसते ते पाणी आणि त्याबरोबर गेलेले क्षार. चेन्नईच्या मे महिन्यात, घामाने आधीच पाणी जात असताना, या हिशेबाचा अर्थ निराळा होतो.

सोनामुखी काम कशी करते हे समजले की धोका कुठे आहे तेही उमगते. तिच्या पानांत व शेंगांत सेनोसाइड नावाची द्रव्ये असतात. आर्थर स्टोल यांनी ती १९४१ साली वेगळी केली. ही द्रव्ये जठरातून आणि लहान आतड्यातून जवळजवळ न पचताच पुढे जातात. मोठ्या आतड्यातील जिवाणू त्यांचे विघटन करतात, आणि त्यातून निर्माण होणारे द्रव्य आतड्याच्या भिंतीला चेतवते व पाणी शोषले जाण्यात अडथळा आणते. म्हणूनच रात्री घेतलेल्या पुडीचा परिणाम आठ ते बारा तासांनी, सकाळी दिसतो. ज्या जिवाणूंपासून ‘सुटका’ करून देण्याचा दावा यांपैकी काही उत्पादने करतात, त्यांच्या मदतीवाचून औषध लागूच पडत नाही, हा यातला गमतीचा भाग.

युरोपीय औषध यंत्रणेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी दिवसाला सेनोसाइडच्या हिशेबाने १५ ते ३० मिलिग्रॅम एवढी मात्रा, तीही एक ते दोन आठवड्यांपुरतीच, आणि बारा वर्षांखालील मुलांना नाही, अशी मर्यादा आहे. सुट्या पानांचा काढा करताना किंवा ‘एक चमचा रात्री’ अशा सूचनेवर चूर्ण घेताना या मिलिग्रॅमचा पत्ता लागत नाही. पान कुठे पिकले, केव्हा तोडले, कसे वाळवले यानुसार सेनोसाइडचे प्रमाण बदलते. मात्रा ठाऊक नसताना मुदतही सुटली, तर शरीरातील पोटॅशियम घटू लागते. स्नायू दुबळे होतात, पायांत गोळे येतात, हृदयाची लय बिघडू शकते. दीर्घकाळ वापर करणाऱ्यांच्या आतड्याच्या अस्तरावर काळपट डाग दिसतात. ते बहुधा निरुपद्रवी असतात आणि औषध थांबवल्यावर फिके पडतात, पण आतड्याला चालना देणारे औषध महिनोन्महिने घेतले गेल्याची ती खूण असते.

या जोखमीत आणखी एका घटकाची भर पडते, आणि ती सहसा लक्षात येत नाही. सोनामुखीच्या जोडीला चवीसाठी व पोटातील मुरडा कमी व्हावा म्हणून ज्येष्ठमध आणि बडीशेप घालण्याची जुनी पद्धत आहे. ‘स्वादिष्ट विरेचन चूर्ण’ हे त्याचे शास्त्रोक्त उदाहरण. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास तोही पोटॅशियम घटवतो आणि रक्तदाब वाढवतो. दोन-चार दिवसांच्या वापरात याने बिघडत नाही. मात्र रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन घेणारी साठीपुढची व्यक्ती असे चूर्ण रोज घेत असेल, तर पोटॅशियम तीन वाटांनी खाली येऊ शकते, आणि पोटॅशियम घटले की डिगॉक्सिनची विषबाधा लवकर होते. अशा व्यक्तीच्या घरात चूर्णाची बाटली औषधांच्या डब्यात नसते. ती जेवणाच्या टेबलावर असते. डॉक्टरांनी ‘कोणती औषधे घेता’ असे विचारल्यावर तिचा उल्लेख होत नाही.

परंपरेचा आधार या उत्पादनांच्या विक्रीत हमखास घेतला जातो, म्हणून परंपरा प्रत्यक्षात काय सांगते ते पाहणे अगत्याचे आहे. तमिळ सिद्ध वैद्यकात तेरैयर यांच्या नावे रूढ असलेल्या आरोग्यनियमांत वमन सहा महिन्यांतून एकदा, रेचन चार महिन्यांतून एकदा आणि नस्य दीड महिन्यातून एकदा, असा क्रम आहे. चार महिन्यांतून एकदा. रोज रात्री नव्हे. आयुर्वेदातील विरेचनाची शिस्त याहून कडक. आधी स्नेहन आणि स्वेदन, मग रोग्याचा कोठा मृदू, मध्यम की क्रूर याची परीक्षा, त्यानुसार द्रव्याची आणि मात्रेची निवड, आणि नंतर पेयेपासून चढत्या क्रमाने नेहमीच्या आहारावर आणणारा संसर्जन क्रम. बालक, वृद्ध, गर्भवती आणि दुर्बल यांना तीव्र विरेचन वर्ज्य. महाराष्ट्रात एके काळी मुलांना एरंडेल देण्याचा जो रिवाज होता, त्यातही त्या दिवशी घरात मऊ भात शिजत असे आणि मूल शाळेत जात नसे. आजच्या डब्याने या साऱ्यातून रेचन तेवढे उचलले. परीक्षा, पथ्य आणि विश्रांती मागेच राहिली.

दक्षिणेतील मराठी राजवटीचा एक दाखला येथे आठवतो. तंजावरचे सरफोजी राजे दुसरे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनी ‘धन्वंतरी महाल’ स्थापून देशी व पाश्चात्त्य वैद्यकाचे जाणकार एकत्र आणले. तेथे रुग्णांवर गुण आलेले योग तमिळमध्ये लिहून ठेवण्यात आले आणि पुढे ते ‘शरभेंद्र वैद्य मुरैगल’ या नावाने ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. नेत्ररोग्यांच्या तर चित्रांसह नोंदी ठेवल्या गेल्या. कोणाला काय दिले आणि पुढे काय झाले, हे लिहून ठेवण्याची रीत देशी वैद्यकाला परकी नाही. आज बाजारात येणाऱ्या शुद्धी-चूर्णांमागे अशी नोंद अपवादानेच आढळते.

आता कायदा. भारतात हे उत्पादन तीन निरनिराळ्या कप्प्यांत सापडू शकते, आणि वेष्टन उलटून पाहिल्यावर कप्पा कळतो.

पहिला कप्पा औषधाचा. आयुर्वेदिक, सिद्ध व युनानी औषधे १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली येतात. निर्मितीसाठी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याचा परवाना लागतो आणि २००० सालापासून ‘अनुसूची टी’मधील उत्पादनशिस्त पाळावी लागते. परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, निर्मितीची तारीख, वापराची मुदत, आणि घटकांची वनस्पतिशास्त्रीय नावांसह व प्रमाणासह यादी वेष्टनावर असली पाहिजे. कायद्याने मान्य केलेल्या ग्रंथांतील पाठाप्रमाणे केलेले शास्त्रोक्त औषध वेगळे आणि कंपनीने स्वतः जुळवलेले ‘प्रोप्रायटरी’ औषध वेगळे, हा फरकही वेष्टनावरून कळतो. जमालगोटा, दंती यांसारखी तीव्र द्रव्ये ‘अनुसूची ई (१)’ मध्ये आहेत. ती असलेल्या औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ असा इशारा इंग्रजीत व हिंदीत छापणे बंधनकारक आहे. हा इशारा दिसला तर ते उत्पादन स्वतःच्या मनाने घेण्याजोगे नाही, एवढे निश्चित. या कप्प्यातील मोठी उणीव अशी की निर्मितीला परवाना लागतो, पण किरकोळ विक्रीला लागत नाही. त्यामुळे विकणारा जाणकार असेलच असे नाही.

दुसरा कप्पा अन्नाचा. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांनी ‘आरोग्य पूरक’ हा वर्ग आखून दिला. अशा वेष्टनावर प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ ही सूचना हवी. रोग बरा करण्याचा किंवा टाळण्याचा दावा या उत्पादनाला करता येत नाही, आणि हे पूरक पदार्थ पाच वर्षांवरील व्यक्तींसाठीच आहेत. मागच्या बाजूला ‘औषधी वापरासाठी नाही’ आणि पुढच्या बाजूला ‘जुनाट बद्धकोष्ठ, मूळव्याध, लठ्ठपणा यांवर रामबाण’ असे एकाच डब्यावर असेल, तर ग्राहकाला प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. डब्याने आपल्याविषयी सांगायचे ते सांगून टाकलेले असते. लठ्ठपणा, मधुमेह, कर्करोग अशा विकारांवर औषधाची जाहिरात करणे तर १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने निषिद्ध आहे.

तिसरा कप्पा म्हणजे यांपैकी काहीही न लिहिलेली पुडी. तिच्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही. ती घेऊ नये.

कायदेशीर कप्पा ठरला तरी घटक वाचावेच लागतात. इसबगोल हा फुगून मळ मऊ करणारा सौम्य घटक. पुरेशा पाण्यावाचून घेतल्यास तो घशात किंवा आतड्यात अडकू शकतो, एवढे पथ्य पाळले तर त्याची जोखीम कमी. त्रिफळाही साधारणपणे सौम्य. सोनामुखी, रेवाचिनी आणि काळा बोळ म्हणजे कोरफडीचा वाळवलेला कडू रस, हे आतड्याला चालना देणारे घटक. त्यांची मुदत मोजक्या दिवसांची. अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने २००२ साली चिठ्ठीविना विकल्या जाणाऱ्या रेचकांतून कोरफडीचा हा रस आणि कॅस्करा साल हे दोन्ही घटक, निर्धोकतेचा पुरेसा पुरावा नसल्याच्या कारणावरून, बाहेर काढले. ‘कोरफड’ म्हणजे त्वचेला लावायचा गर, अशी समजूत असलेल्या ग्राहकाने हा फरक ध्यानात ठेवावा. घटकांची नावे न देता ‘गोपनीय मिश्रण’ असे लिहिले असेल, तर पारख तेथेच संपते.

वेष्टनावर जे लिहिले आहे तेच आत आहे का, हा प्रश्न उरतो. याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील आहे, आणि ते नेमके ‘अंतर्शुद्धी’च्या उत्पादनाचेच आहे. १९९७ साली तेथे दोन जण हृदयाच्या लयीतील गंभीर बिघाडासह रुग्णालयात आले. त्यांनी घेतलेल्या शुद्धी-उत्पादनांतील इसबगोलाच्या वर्गातील वनस्पतीत डिजिटॅलिसची पाने मिसळली गेली होती. तपास मागे नेत नेत गेल्यावर तो कच्चा माल दोन वर्षांत १५० हून अधिक उत्पादक, वितरक व विक्रेत्यांकडे गेल्याचे आढळले. फसवणुकीचा हेतू नव्हता; वाळलेली, चुरलेली दोन पाने डोळ्यांना सारखीच दिसतात. जड धातूंचा प्रश्न याहून जुना. २००८ साली अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या पाहणीत इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. त्यांत अमेरिकेत बनलेली आणि भारतात बनलेली, दोन्ही होती. भारताने निव्वळ वनस्पतीजन्य औषधांसाठी शिसे दशलक्षात १० भाग, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ अशी मर्यादा घातली असून २००६ पासून निर्यातीसाठी ही चाचणी सक्तीची आहे. उत्पादक बॅचनिहाय चाचणी अहवाल मागितल्यावर देतो का, हा एक उपयुक्त निकष आहे. गुणवत्तेची ‘आयुष’ चिन्हे ऐच्छिक असली, तरी ती असणे नसण्यापेक्षा बरे.

उत्पादन कितीही चांगले असले तरी काही अवस्थांत ते घेऊच नये. पोटात कारण न समजलेली वेदना, उलटी किंवा ताप असताना रेचक घेतल्यास सुजलेले आंत्रपुच्छ फुटण्याचा धोका असतो. मूत्रपिंड किंवा हृदयाचा विकार, आतड्याला सूज आणणारे आजार, गर्भारपण, स्तनपान, बालवय, यांत वैद्याच्या सल्ल्यावाचून प्रयोग नको. शौचावाटे रक्त, विनाकारण घटणारे वजन, रक्तक्षय किंवा पन्नाशीच्या आसपास अचानक बदललेली शौचाची सवय, ही ‘कोठा साफ’ करण्याची नव्हे, तपासणीची लक्षणे आहेत. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे निदान चूर्णाच्या आशेवर काही महिने लांबणे, ही या उत्पादनांची सर्वांत महागात पडणारी हानी ठरू शकते, आणि ती कोणत्याही वेष्टनावर छापलेली नसते. २०११ साली जॉर्जटाउन विद्यापीठातील वैद्यांनी आतडे-शुद्धीवरील उपलब्ध साहित्याचा आढावा घेतला, तेव्हा लाभाचा पुरावा तुटपुंजा आणि पेटक्यांपासून मूत्रपिंड निकामी होण्यापर्यंतच्या अपायांच्या नोंदी मात्र प्रत्यक्ष, असे चित्र समोर आले होते.

अपाय झाल्यास तो नोंदवण्याची व्यवस्था देशात आहे. ती फारशी वापरली जात नाही, कारण वनौषधीने अपाय झाला असे लोकांच्या मनातच येत नाही. आयुष मंत्रालयाच्या औषध-दक्षता कार्यक्रमाचे राष्ट्रीय केंद्र नवी दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे, आणि सिद्ध औषधांसाठीचे मध्यवर्ती केंद्र चेन्नईच्या तांबरम येथील राष्ट्रीय सिद्ध संस्थेत. औषधांच्या दुष्परिणामांसाठीचा राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी १८००-१८०-३०२४ हा आहे. जुलाब न थांबणे, चक्कर, छातीत धडधड, लघवी कमी होणे किंवा डोळे पिवळे दिसणे यांपैकी काही जाणवल्यास उत्पादन लगेच थांबवून डॉक्टरांकडे जावे, आणि जाताना डबा बरोबर न्यावा. बॅच क्रमांक, उत्पादकाचे नाव, किती दिवस घेतले आणि त्याबरोबर दुसरी कोणती औषधे चालू होती, ही माहिती असेल तर त्याच बॅचचे दुसरे डबे शोधता येतात. रिकामा डबा रद्दीत गेला की तो माग तेथेच तुटतो.